आभासी वास्तवाच्या पहिल्या ग्राहकाने काय विकत घेतले?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सॅमसंगने ‘गॅलेक्सी एक्सआर’ हा डोळ्यांवर चढवायचा संगणक अमेरिकेत १,७९९ डॉलरना विक्रीस आणला. त्याच महिन्यात अ‍ॅपलने आपल्या ‘व्हिजन प्रो’ची अधिक वेगवान आवृत्ती काढली आणि तिची किंमत फेब्रुवारी २०२४ मधील पहिल्या आवृत्तीइतकीच, म्हणजे ३,४९९ डॉलर ठेवली. संगणक वापरण्याची एक नवी रीत सुरू होत आहे, असा दोन्ही कंपन्यांच्या प्रचाराचा सूर आहे. ग्राहकापुढचा प्रश्न मात्र साधा आहे. आता घ्यावे की थांबावे?

हा प्रश्न काही नवा नाही. २०१६ साली ‘ऑक्युलस रिफ्ट’, ‘एचटीसी व्हाइव्ह’ आणि ‘प्लेस्टेशन व्हीआर’ हे तीन हेडसेट अवघ्या सात महिन्यांच्या आत बाजारात आले, तेव्हाही तो विचारला गेला होता. त्या वेळी त्याचे उत्तर देणे म्हणजे भविष्य वर्तवणे होते. आज तसे नाही. त्या पहिल्या पिढीचा जमाखर्च आता मांडता येतो. किमती कशा घसरल्या, कोणती उपकरणे टिकली, कोणती निकामी झाली, हे सारे तारखांसह समोर आहे. त्याचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे : ती यंत्रे वाईट नव्हती, परंतु ती घेणाऱ्याने वस्तूपेक्षा आश्वासनाचे पैसे अधिक मोजले आणि अनेकांच्या बाबतीत वस्तू मोडण्याआधीच आश्वासन मोडले.

मुळात आभासी वास्तवाची कल्पना अर्धशतकाहून जुनी आहे. १९६८ मध्ये अमेरिकन संगणकतज्ज्ञ आयव्हन सदरलँड यांनी डोके वळवताच दृश्यही वळेल असे उपकरण बनवले होते. ते इतके जड होते की छताला टांगून वापरावे लागे. १९८० च्या दशकात जॅरन लॅनियर यांच्या ‘व्हीपीएल रिसर्च’ या कंपनीने असे हेडसेट आणि हातमोजे विकण्याचा प्रयत्न केला, परंतु त्यांच्या किमती संशोधनसंस्थांनाच परवडणाऱ्या होत्या. सामान्य ग्राहकासाठी निन्तेन्दोने १९९५ मध्ये ‘व्हर्च्युअल बॉय’ काढला. अमेरिकेत त्याची किंमत १८० डॉलर होती. त्यात फक्त लाल रंग दिसे आणि डोके हलवल्याने दृश्य हलत नसे. वर्षभराच्या आतच तो बाजारातून काढून घेण्यात आला.

पुढच्या वीस वर्षांत परिस्थिती पालटली ती या क्षेत्रातील एखाद्या शोधामुळे नव्हे, तर मोबाइल फोनमुळे. कोट्यवधी स्मार्टफोनसाठी लहान, दाट आणि स्वस्त पडदे बनू लागले. फोन कोणत्या दिशेला कलला आहे हे ओळखणारे संवेदक नाममात्र किमतीत मिळू लागले. हेच सुटे भाग एकत्र आणून पामर लकी या तरुणाने ‘रिफ्ट’चा नमुना तयार केला. ऑगस्ट २०१२ मध्ये ‘किकस्टार्टर’ या संकेतस्थळावर त्याच्या कंपनीने अडीच लाख डॉलरची मागणी केली आणि सुमारे २४ लाख डॉलर जमा झाले. मार्च २०१४ मध्ये फेसबुकने ही कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले. ज्या कंपनीने सामान्य ग्राहकाला एकही तयार वस्तू विकली नव्हती, तिची ही किंमत होती. बाजार वस्तूला नव्हे तर तिच्या भविष्याला मोल देत आहे, हे तेव्हाच दिसले होते.

प्रत्यक्ष वस्तू २०१६ मध्ये आली. रिफ्टची विक्री २८ मार्चला ५९९ डॉलरना सुरू झाली. व्हाइव्ह एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ७९९ डॉलरना आला. सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर १३ ऑक्टोबरला ३९९ डॉलरना मिळू लागला. रिफ्टची किंमत साडेतीनशे डॉलरच्या आसपास राहील, अशी अपेक्षा त्या कंपनीच्याच आधीच्या वक्तव्यांमुळे निर्माण झाली होती. त्यामुळे जानेवारीत ५९९ हा आकडा जाहीर होताच मोठी नाराजी व्यक्त झाली.

परंतु हा आकडाही अपुराच होता. रिफ्ट आणि व्हाइव्ह हे स्वतंत्र संगणक नव्हते. ते शक्तिशाली संगणकाला केबलने जोडावे लागत. का, ते साध्या गणिताने कळते. साध्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० बिंदू असतात आणि खेळताना ते सेकंदाला ६० वेळा रंगवले तर १२ कोटींहून थोडे अधिक बिंदू होतात. या हेडसेटमध्ये दोन्ही डोळ्यांचे मिळून २,१६० गुणिले १,२०० बिंदू सेकंदाला ९० वेळा रंगवावे लागत. म्हणजे सेकंदाला २३ कोटींहून अधिक. शिवाय पडद्यावरच्या खेळात मध्येच चित्र अडखळले तर ते नुसते खटकते; इथे तसे झाले तर पोटात ढवळते. म्हणून साधा संगणक चालत नसे. हेडसेट आणि योग्य संगणक एकत्र घेण्याचे जे प्रस्ताव तेव्हा विक्रीस होते, त्यांची सुरुवात १,५०० डॉलरच्या आसपास होत होती. त्या वेळच्या विनिमयदराने ही रक्कम एक लाख रुपयांच्या घरात जाते. रिफ्टबरोबर हातात धरायची ‘टच’ नियंत्रके आधी मिळतच नव्हती. ती डिसेंबर २०१६ मध्ये आली आणि त्यांचे १९९ डॉलर वेगळे पडले.

एवढे मोजून मिळत काय होते? याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर पहिला अनुभव विलक्षण होता, हे मान्य करावे लागेल. पडद्याकडे पाहणे आणि दृश्याच्या आत उभे असणे यातला फरक वर्णनाने पटत नाही, पण एकदा हेडसेट चढवला की पटतो. व्हाइव्हमध्ये खोलीच्या कोपऱ्यांत लावलेल्या दोन पेट्यांमधून अदृश्य किरण फिरत आणि त्यांच्या आधारे माणसाची खोलीतील जागा अचूक ओळखली जाई. त्यामुळे खाली वाकून टेबलाखाली पाहता येई, एखाद्या वस्तूभोवती फेरी मारता येई. गुगलच्या ‘टिल्ट ब्रश’मध्ये हवेत चित्र काढून त्याच्यामधून चालत जाता येई. १९९५ मध्ये ज्याची फक्त जाहिरात झाली होती ते २०१६ मध्ये खरोखर घडत होते. ही फसवणूक नव्हती.

अर्थात उणिवाही होत्या आणि त्या वापरणाऱ्याला लवकरच जाणवत. पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर आणि मध्ये भिंग, त्यामुळे बिंदूंमधल्या रेषा दिसत. माशीची जाळी लावलेल्या खिडकीतून पाहावे तसे. बारीक अक्षरे वाचता येत नसत. चेहऱ्यावर सुमारे अर्ध्या किलोचे ओझे आणि पायात केबल अशा अवस्थेत तासाभरापेक्षा अधिक वेळ काढणे अनेकांना जड जाई.

याहून गंभीर प्रश्न मळमळीचा होता. आपल्याकडे घाटातून जाताना ‘गाडी लागते’ ती का? शरीर वळणे घेत असते आणि नजर गाडीच्या आतील स्थिर वस्तूंवर असते. कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि डोळे परस्परविरोधी साक्ष देतात. हेडसेटमध्ये हेच उलट घडते. डोळ्यांना धावल्याचा भास होतो आणि शरीर जागेवरच असते. डोके हलल्यापासून चित्र बदलेपर्यंत जाणारा काळ वीस सहस्रांश सेकंदांच्या आसपास आणून कंपन्यांनी हा त्रास पुष्कळ कमी केला, परंतु संपवला नाही. खेळ तयार करणाऱ्यांनी मग चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी एकदम उडी घेण्याची युक्ती काढली. डोळ्यांची दुसरी एक अडचण भिंगांच्या रचनेतच होती. आभासी वस्तू जवळ दिसो की दूर, भिंगाचे केंद्र ठरावीक अंतरावरच असते. त्यामुळे डोळ्यांना एका अंतरावर रोखायचे आणि दुसऱ्या अंतरावर वळायचे अशी कसरत करावी लागते. तेरा वर्षांखालील मुलांनी हेडसेट वापरू नये, असे ऑक्युलसने म्हटले होते. मेटाने २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीच्या अटीवर ही मर्यादा दहा वर्षांवर आणली.

आता जागेचा प्रश्न. व्हाइव्हमध्ये चालण्या-फिरण्यासाठी किमान दोन मीटर बाय दीड मीटर मोकळी जागा सांगितलेली होती, म्हणजे सुमारे साडेसहा फूट बाय पाच फूट. अमेरिकेतील उपनगरी घरात ती सहज निघते. मुंबई-ठाण्याच्या दोन खोल्यांत तेवढ्यासाठी आधी दिवाण हलवावा लागेल. रोज फर्निचर सरकवून वापरायची वस्तू फार दिवस वापरली जात नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. नव्याचे नऊ दिवस ही म्हण या उपकरणाच्या बाबतीत पुष्कळांच्या घरी शब्दशः खरी ठरली.

वापर टिकला नाही याचे आणखी एक कारण म्हणजे त्यावर करण्यासारखे फारसे काही नव्हते. ज्या खेळांमुळे या माध्यमाचे नाव झाले ते उशिरा आले. ‘बीट सेबर’ मे २०१८ मध्ये आला आणि व्हॉल्व्ह कंपनीचा ‘हाफ-लाइफ : अ‍ॅलिक्स’ मार्च २०२० मध्ये, म्हणजे पहिल्या हेडसेटनंतर चार वर्षांनी. हेडसेट घेणारे थोडे म्हणून खेळ बनवणारे थोडे, आणि खेळ थोडे म्हणून घेणारे थोडे, असे हे चक्र होते. सोनीच्या आकड्यांनुसार २०१९ च्या अखेरीपर्यंत प्लेस्टेशन ४ ची विक्री १० कोटी ६० लाखांपर्यंत पोहोचली होती आणि प्लेस्टेशन व्हीआरची ५० लाखांपर्यंत. म्हणजे यंत्र आधीच घरात असलेल्या वीस ग्राहकांपैकी एकानेही पूर्णपणे हा हेडसेट घेतला नव्हता. आणि पहिल्या पिढीतील हे सर्वांत यशस्वी उदाहरण समजले जाते.

घाई करणाऱ्याला पहिला दंड किमतीचा बसला. २०१६ च्या अखेरीस रिफ्ट आणि टच मिळून ७९८ डॉलर होत. मार्च २०१७ मध्ये तीच जोडी ५९८ डॉलरवर आली आणि त्याच वर्षीच्या उन्हाळी सवलतीत ३९९ डॉलरवर. नंतर कायमची किंमतही तेवढीच झाली. व्हाइव्हनेही ऑगस्ट २०१७ मध्ये दोनशे डॉलर कमी केले. पुढे मे २०१९ मध्ये ‘क्वेस्ट’ हा संगणक किंवा केबल न लागणारा हेडसेट ३९९ डॉलरना आला आणि ऑक्टोबर २०२० मध्ये त्याहून सरस ‘क्वेस्ट २’ २९९ डॉलरना. थोडक्यात, चार वर्षे थांबलेल्या ग्राहकाला सुमारे एक पंचमांश खर्चात अधिक चांगली वस्तू मिळाली. इलेक्ट्रॉनिक वस्तू स्वस्त होतच असतात, हे खरे. परंतु वर्षभरात निम्मी होणारी किंमत म्हणजे साधी घसरण नव्हे. आधीची किंमत बाजाराने मान्य केली नव्हती, याची ती कबुली होती.

दुसरा दंड अधिक मोठा आणि अधिक अन्यायकारक आहे. टीव्ही, मिक्सर किंवा सायकल जुनी होते, झिजते, पण बनवणाऱ्याने धंदा बदलला म्हणून ती बंद पडत नाही. हेडसेटचे तसे नाही. तो कंपनीच्या सॉफ्टवेअरवर, तिच्या दुकानावर आणि दूरच्या सर्व्हरवर अवलंबून असतो. याची चुणूक मार्च २०१८ मध्ये मिळाली. ऑक्युलसच्या सॉफ्टवेअरमधील एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ते वेळेत बदलले गेले नाही, एवढ्या कारणाने जगभरातील रिफ्ट एकाच वेळी बंद पडले. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी झाली आणि ग्राहकांना १५ डॉलरची भरपाईही दिली गेली. परंतु आपल्या घरातील यंत्राची किल्ली आपल्याकडे नाही, हे त्या दिवशी सर्वांना कळले.

पुढे जे झाले ते चुकीने नव्हे, धोरणाने झाले. सॅमसंगचा ‘गिअर व्हीआर’ हा फोन बसवून वापरायचा हेडसेट नोव्हेंबर २०१५ मध्ये ९९ डॉलरना आला होता. २०१९ मध्ये सॅमसंगने काढलेला ‘नोट १०’ त्यात बसेना, आणि २०२० मध्ये कंपनीने आपल्या या विभागातील सेवाही गुंडाळल्या. गुगलचा ‘डेड्रीम व्ह्यू’ २०१६ मध्ये आला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये बंद झाला. गुगलचा पुठ्ठ्याचा ‘कार्डबोर्ड’ २०१४ मध्ये आला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने नोव्हेंबर २०१५ मध्ये तो आपल्या दहा लाखांहून अधिक वर्गणीदारांना वर्तमानपत्राबरोबर वाटला होता. त्याचीही विक्री २०२१ मध्ये थांबली. पुठ्ठ्याच्या खेळण्याने फारसे कोणी नागवले गेले नाही, पण शंभर डॉलर देऊन तेच भविष्य विकत घेणाऱ्यांचे काय?

सर्वांत बोलके उदाहरण मायक्रोसॉफ्टचे आहे. ऑक्टोबर २०१७ पासून ‘विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी’ या नावाने एसर, डेल, एचपी, लेनोव्हो आणि सॅमसंग अशा नामांकित कंपन्यांचे हेडसेट बाजारात येऊ लागले. त्यांना लागणारे सॉफ्टवेअर विंडोजमध्येच होते. त्यामुळे हे काही एखाद्या नवख्या कंपनीचे धाडस नव्हते. जगातील बहुसंख्य संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा तो भाग होता. डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही सुविधा काढून टाकण्याचे जाहीर केले आणि २०२४ च्या अखेरीस आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीत ती नव्हती. भिंगे शाबूत, पडदे शाबूत, केबल शाबूत. संगणक अद्ययावत केला आणि हेडसेट निकामी. यात २०२० मध्ये सहाशे डॉलरना घेतलेला ‘एचपी रिव्हर्ब जी २’ देखील आला. पुढे २०२५ मध्ये एका अभियंत्याने फावल्या वेळात लिहिलेल्या सॉफ्टवेअरमुळे यातील काही हेडसेट पुन्हा सुरू करता येऊ लागले. ज्या कामासाठी ग्राहकाने नामांकित कंपनीवर विश्वास टाकला, ते शेवटी एका व्यक्तीच्या सद्भावनेवर सोडले गेले.

मेटाच्या वाटेने गेलेल्यांना वेगळा अनुभव आला. ऑक्टोबर २०२० पासून नव्या ऑक्युलस ग्राहकांना फेसबुक खात्याची सक्ती झाली. जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने त्याच डिसेंबरमध्ये या सक्तीची चौकशी सुरू केली. २०२२ मध्ये वेगळ्या ‘मेटा खात्या’चा पर्याय देऊन कंपनीने ती मागे घेतली. हा आक्षेप नुसत्या तत्त्वाचा नव्हता. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवून दिले की, पन्नास हजारांहून अधिक खेळाडूंमधून एखादी व्यक्ती तिच्या डोक्याच्या आणि हातांच्या शंभर सेकंदांच्या हालचालींवरून ९४ टक्के अचूकतेने ओळखता येते. हेडसेट म्हणजे आपली देहबोली टिपणारे यंत्र होय. त्याची किंमत केवळ डॉलरमध्ये मोजून भागत नाही. दरम्यान, मे २०१९ मध्ये आलेल्या पहिल्या क्वेस्टला सुरक्षेच्या दुरुस्त्या देणे मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये थांबवले. ज्याने २०२० च्या उन्हाळ्यात तो घेतला, त्याला चार वर्षे मिळाली.

यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. कोणीतरी पहिले पाऊल टाकलेच पाहिजे; पहिले ग्राहक नसते तर क्वेस्टही झाला नसता. दूरचित्रवाणी, मोबाइल, संगणक या सर्वांचे पहिले ग्राहक महाग आणि अपुरी वस्तू घेऊनच गेले. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि हौसेला मोल नसते हेही मान्य. परंतु आकडे वेगळी कथा सांगतात. मेटाच्या ‘रिअ‍ॅलिटी लॅब्ज’ या विभागाचा तोटा २०२२ मध्ये सुमारे १३.७ अब्ज, २०२३ मध्ये १६.१ अब्ज आणि २०२४ मध्ये १७.७ अब्ज डॉलर होता. तीन वर्षांची बेरीज सत्तेचाळीस अब्जांच्या वर जाते. ज्या उद्योगाला मालक एवढे पाणी घालतो, तो मध्यमवर्गीय ग्राहकाच्या पाचशे-सहाशे डॉलरवर तगलेला नाही. त्याचे मरण-जगणे संचालक मंडळाच्या बैठकीत ठरते. तेव्हा तंत्रज्ञान जगावे म्हणून आपण पदरमोड करावी, हा विचार उदात्त असला तरी व्यवहारात फारसा खरा नाही.

मग २०१६ मध्ये हेडसेट घेणे कोणाच्याच हिताचे नव्हते काय? तसेही नाही. जे या माध्यमासाठी खेळ किंवा सॉफ्टवेअर लिहिणार होते, जे वास्तुरचनाकार ग्राहकाला न बांधलेले घर आतून दाखवणार होते, ज्या संस्था प्रशिक्षणासाठी त्याचा प्रयोग करणार होत्या, त्यांच्यासाठी ते कामाचे साधन होते आणि त्याचा खर्च कामातून वसूल होऊ शकत होता. मूळ व्हाइव्ह घेणाऱ्यांचे नुकसानही तुलनेने कमी झाले, आणि त्याचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. त्याची स्थाननिश्चितीची यंत्रणा व्हॉल्व्हने इतरांसाठी खुली ठेवली होती. त्या खोलीच्या कोपऱ्यातल्या पेट्या २०१९ मध्ये आलेल्या ‘व्हॉल्व्ह इंडेक्स’बरोबरही चालत. सर्वांत महाग हेडसेट दीर्घकाळाच्या हिशेबात सर्वांत स्वस्त ठरू शकला, तो त्याच्या भिंगांमुळे नव्हे तर मोकळेपणामुळे.

भारतीय ग्राहकाला या खेळात आणखी एक दंड पडत आला. व्हाइव्ह २०१७ मध्ये भारतात आला तेव्हा त्याची किंमत ९२,९९० रुपये होती. अमेरिकेतील ७९९ डॉलरचे रुपये त्या वेळी पन्नास हजारांच्या थोडेच वर होत. संगणक वेगळा. त्यामुळे आपल्याकडे बहुतेकांची ओळख झाली ती ८,२०० रुपयांच्या गिअर व्हीआरशी किंवा रस्त्यावर काही शे रुपयांत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या ‘व्हीआर बॉक्स’शी. पहिला सॅमसंगने सोडून दिला आणि दुसऱ्यात मुळात काहीच नव्हते. परदेशातील नातेवाइकांकडून हेडसेट मागवणाऱ्यांनी तर हमी आणि दुरुस्ती या दोन्हींवर आधीच पाणी सोडलेले असते.

म्हणूनच हा प्रश्न केवळ ‘घ्यावे की न घ्यावे’ एवढा उरत नाही. विकणाऱ्याने काय बांधिलकी स्वीकारावी, हा त्याचा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा भाग आहे. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या बहुतांश घरगुती उपकरणांच्या निर्मात्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या किती काळ देणार, हे आधी जाहीर करावे लागते. युरोपीय संघात डिजिटल घटक असलेल्या वस्तूंना ग्राहकाला रास्त वाटेल एवढा काळ अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकणारे नियम २०२२ पासून लागू आहेत. भारतात केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा समावेश आहे, ही चांगली सुरुवात म्हणावी लागेल. पण सुटा भाग मिळण्याचा हक्क पुरेसा नाही. जिथे वस्तू सॉफ्टवेअर काढून घेतल्याने मरते, तिथे दुरुस्तीचा हक्क म्हणजे ते सॉफ्टवेअर चालू ठेवण्याचा हक्क.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. ‘ऑक्युलस गो’ हा २०१८ मध्ये आलेला स्वस्त हेडसेट २०२० मध्ये बंद झाला. त्या वेळी कंपनीचे सल्लागार असलेले प्रसिद्ध संगणकतज्ज्ञ जॉन कारमॅक यांच्या पाठपुराव्यामुळे ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची कुलूप काढलेली आवृत्ती खुली करण्यात आली. कंपनीने उद्या सर्व्हर बंद केले तरी मालकाला आपले यंत्र हवे तसे वापरता यावे, हा त्यामागचा हेतू होता. गुगलनेही टिल्ट ब्रशचे काम थांबवताना जानेवारी २०२१ मध्ये त्याचा स्रोत सर्वांसाठी मोकळा केला. म्हणजे निरोप घेण्याची सभ्य रीत या उद्योगाला ठाऊक आहे. ती एखाद्याच्या आग्रहावर अवलंबून न राहता विक्रीची अट व्हावी, एवढेच मागणे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आज हेडसेट घेऊ पाहणाऱ्याने दुकानात जाण्यापूर्वी काही गोष्टी स्वतःशी ठरवाव्यात. हे उपकरण आज, या घडीला, जे करू शकते तेवढ्यासाठी ही किंमत द्यायला आपण तयार आहोत का? पुढच्या वर्षी येणार असलेल्या सुविधांसाठी आज एक रुपयाही मोजू नये. ते किती काळ चालू ठेवण्याचे लेखी आश्वासन कंपनी देते? किंमत त्या वर्षांनी भागून पाहावी. आश्वासन नसेल तर तीन-चार वर्षे धरून हिशेब करावा. कंपनी निघून गेली तर ते दुसऱ्या कशाशी जोडता येईल का? आणि घेण्यापूर्वी किमान अर्धा तास ते डोळ्यांवर चढवून पाहावे, कारण मळमळ होईल की नाही हे कोणतेही परीक्षण सांगू शकत नाही.

या कसोट्या लावल्या तर २०१६ चा रिफ्ट बहुसंख्य घरांसाठी घेण्यासारखा नव्हता, असेच म्हणावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये २९९ डॉलरना आलेला ‘क्वेस्ट ३ एस’ ज्याला खेळ आवडतात, व्यायामाची सोय हवी आहे आणि ज्याच्या घरी चार हात मोकळी जागा आहे, त्याच्यासाठी विचार करण्याजोगा आहे. साडेतीन हजार डॉलरचा व्हिजन प्रो मात्र पुन्हा २०१६ च्याच रांगेत जाऊन बसतो. यंत्र अप्रतिम, वापर मोजका आणि किमतीतला मोठा वाटा उद्याच्या भरवशाचा. ज्याला परवडते त्याने तो खुशाल घ्यावा, परंतु आपण काय विकत घेत आहोत याची जाणीव ठेवून. बाकीच्यांनी थांबण्यात काहीही गमावणार नाही. पहिल्या पिढीचा सगळा ताळेबंद पाहिला तर थांबलेल्या ग्राहकाच्या खात्यावर तोट्याची एकही नोंद सापडत नाही.